पावतीवरचा शनिवार

आळीतल्या सगळ्यांच्या मावशी तीस वर्षं पायमशीनवर कपडे शिवत होत्या. पावतीवर लिहिलं की ठरलं, हा त्यांचा खाक्या. एकदा घाईत एका पँटची शिलाई चुकून निम्मीच लिहिली, तर निम्मीच घेतली. गिऱ्हाईक बिचारं उरलेले पैसे द्यायला आलं, तर त्याच्यावरच डाफरल्या.

पुढे गुडघ्याने दगा दिला. पायमशीन बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं. शिवण सुटली तर खायचं काय? तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात, काचेमागे, मोटरचं मशीन दिसलं. पाटीवर किंमत नऊ हजार. मावशींनी चष्मा पुसून पाटी वाचली, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. तिसऱ्या दिवशी आत जाऊन विचारलं, तर विकणारी मुलगी मान वर न करता म्हणाली, लिहिलीय तीच. झालं. चौथ्या दिवशी मावशींनी पायमशीन विकून टाकलं, साठवलेल्यात ते पैसे घातले आणि दुकान गाठलं.

मॅनेजर ओळखीचाच. तो हसत म्हणाला की पाटी शेजारच्या मशीनची, चुकून इथे लागली. याचे एकोणीस हजार. शेजारचं मशीन तर कालच खपलं होतं. जुनं मशीन विकून आलेय, हेही मावशींनी सांगून पाहिलं. त्याने गैरसमज झाला म्हणून हात वर केले. गैरसमज कसला डोंबलाचा! पाटी यांची, काच यांची, चार दिवस झोपा काढल्या यांनी.

"चूक कुणाची?" मावशींनी विचारलं.

"आमचीच. पण म्हणून तोटा आम्ही का सोसायचा?"

"मग मी का सोसायचा?"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी मशीनच्या जागी फरशीवर पायांचे चार डाग तेवढे उरले होते. आणि खुंटीवर त्याच मॅनेजरचा कोट लटकत होता. पोट सुटलं म्हणून दोन्ही बाजूंनी सैल करायला दिलेला. टाचण्यांसकट परत पाठवा मेल्याला, असं जाऊबाई म्हणाल्या. मावशींनाही क्षणभर ते पटलं. मग त्यांनी पावतीपुस्तक उघडलं. त्यांच्याच अक्षरात शनिवार लिहिला होता.

दोन दिवस त्या खिडकीशी बसून हाताने टाके घालत होत्या. जाड कापड, बारीक टाका. बोटांची चाळण झाली, तोंडाने मॅनेजरचा उद्धार चालूच होता. पण टाका एकही वाकडा पडला नाही.

शनिवारी दुकान भरलेलं होतं. मावशींनी सगळ्यांदेखत कोट काउंटरवर ठेवला. त्याने तिथेच अंगात घालून पाहिला. अगदी बेतात बसला. आतली शिवण चाचपताना त्याची बोटं थांबली.

"हाताने शिवलात? दोन दिवस उशीर चालला असता, मावशी."

"पावतीवर शनिवार होता. मशीन नाही ही आमची अडचण, साहेब. तिची झळ गिऱ्हाइकाला का?"

रांगेतली माणसं आता त्याच्याकडे बघत होती. त्याने मोठी नोट काढून उरलेले राहू द्या म्हटलं. मावशींनी पावतीवरचा आकडा त्याच्यापुढे धरला, सुटे मोजून परत केले आणि दुखरा पाय ओढत काचेमागच्या नव्या पाटीसमोरून निघून गेल्या.