माझा निरोप

शनिवारची सकाळची शाळा करून घरी येते तेव्हा घरात कुणी नसतं. पोटात पुन्हा दुखतंय. डॉक्टर म्हणतात, रिपोर्टमध्ये काही नाही. गणवेशातच आडवी होते. पंखा फिरतोय, डोळे मिटलेत की उघडे आहेत ते कळत नाही, आणि सिंधूआत्या पायथ्याशी बसलेली आहे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दिवाळीनंतर ती गेली. मला ते माहीत आहे, तिलाही असावं. आम्ही तो विषय काढत नाही.

"कधीपासून दुखतंय गं, केतकी?"

"आई-बाबा बोलायचे थांबले तेव्हापासून."

चार महिने झाले. आई म्हणते, बाबांना सांग, गॅस संपलाय. बाबा म्हणतात, आईला सांग, मला उशीर होईल. मी सांगते. शब्द जरा मऊ करून सांगते.

आम्ही मिरजेच्या एसटी स्टँडवर आहोत. स्टँड रिकामा. फलाटांवर गाड्यांच्या जागी माझ्या वर्गातले बाक लागलेत. आत्या मागच्या बाकावर बसून माझी डावी वेणी सोडवतेय.

"किती घट्ट घातलीस!"

"मीच घालते. आईला वेळ नसतो."

"मैत्रिणींना सांगितलंस हे?"

"काय सांगू? आमच्याकडे भांडणसुद्धा होत नाही."

पायाखाली तिच्या स्वयंपाकघरातली गार फरशी आहे. आत्या चुलीकडे बघत बोलते.

"आमच्या आई-दादांचे, म्हणजे तुझ्या आजी-आजोबांचे, निरोप मीच न्यायचे. तुझा बाबा तेव्हा पाळण्यात होता."

"मग?"

"मग काय. दुसऱ्यांचं सांगता सांगता माझं काय म्हणणं आहे, ते मला सुचेनासंच झालं." ती थांबते. "तुझा निरोप काय आहे?"

मला खूप वेळ लागतो. आत्या वाट बघते.

"मला मधे ठेवू नका."

"मोठ्यानं बोल."

मी मोठ्यानं बोलते आणि माझ्याच आवाजानं जागी होते.

दारात आई उभी आहे. खांद्यावरची पर्सही तिनं काढलेली नाही.

"काय म्हणालीस?"

मी उठून बसते. पुन्हा म्हणते, "मला मधे ठेवू नका."

आई कॉटच्या कडेला बसते. पर्स बाजूला ठेवते. मग माझ्या डोक्याला हात लावते.

"एकच वेणी का सोडलीस?"

माझी मूठ मिटलेली आहे. उघडते. आत लाल रिबनची घट्ट, बारीक गुंडाळी, आत्या करायची तशी. मला तशी कधीच जमली नाही.

आई ती हातात घेते, आणि सुटलेली वेणी घालायला लागते.