डब्याला लागलेलं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कोल्हापूर सोडलं. आई म्हणाली, "सणासुदीचं कुणी असं निघतं का गं?" पण अंधेरीहून परबांचा फोन आला होता, "मॅडम, डबो येड्यासारखो वाजता." आणि शनिवारी ट्रक हैदराबादला निघणार होता.

हा डबा म्हणजे आमच्या दुर्बिणीचा जीव. हैदराबादहून मोठ्या फुग्याला बांधून दुर्बीण हवेच्या वर, जवळजवळ अवकाशात पाठवायची, आणि ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण डब्याने टिपायचे. आत झेनॉन वायू आणि केसाहून बारीक तारा, तारांना दोन हजार व्होल्ट. किरण आला की एक टिक. त्या तारा मी स्वतः ओढल्या होत्या, माझी दोन वर्षं त्यात गेली होती. डबा बिघडलेला राहिला तर फुगा दुसऱ्यांचं यंत्र घेऊन जाणार होता.

घाटकोपरला मावशीकडे मुक्काम केला आणि सकाळी बसने अंधेरीला गाळ्यात (औद्योगिक वसाहतीतली कामाची खोली) पोचले. परब आमचे फिटर, मूळ मालवणचे. डब्याचा सांगाडा त्यांनीच घडवलेला.

डब्यासमोर काहीही नसताना लाह्या फुटाव्यात तशी टिकटिक चालली होती. व्होल्ट कमी केले की तो गप्प, पण मग तपासणीसाठी ठेवलेल्या किरणोत्सारी तुकड्याचे किरणही त्याला दिसेनात. वाढवले की पुन्हा लाह्या. माझीच एखादी तार सैल झाली असणार. पाहायचं तर डबा उघडायला हवा, आणि उघडला की वायू गेला. दुसरा सिलिंडर नव्हता. तरी मी पाना हातात घेतला.

"मॅडम, आधी दोन घास खावन घ्या. मगे खोला," परब म्हणाले. मी चिडलेच. यांना जेवणाचं पडलंय! पण ते डब्यासमोरून हलेनात.

वाकोल्याला त्यांच्या घरी वहिनींनी बांगड्याचा तिकला (तिरफळ घातलेलं घट्ट कालवण) वाढला. घास जाईना, पण चव अशी की जेवले. ताटासमोर वहिनींचं शिलाई मशीन होतं. त्यावर सुकलेला झेंडू आणि कुंकवाचा टिळा. खंडेनवमीची पूजा. माझा हात थांबला.

"परब, डब्याची पूजा केलीत?"

"नाय करून कसा चालात?"

"कुंकू कुठे लावलंत?"

"पाठचा टोपण काढून, त्या पांढऱ्या बशयेक. तुमीच सांगितलात ना, पुढच्या खिडकेक बोट लावूचा नाय म्हणान."

ती पांढरी बशी म्हणजे व्होल्ट बाहेर पळू नयेत म्हणून बसवलेली चिनी माती. तिच्यावर ओल्या बोटाचं कुंकू! त्यावरूनच व्होल्ट ठिणग्या टाकत पळत होते, आणि त्याच त्या लाह्या. टोपण परबांनी बसवलेलं, म्हणून मी ते काढून पाहिलंच नव्हतं. मी अर्धवट हात धुऊन उठले.

टोपण काढलं. सुंदर टिळा होता, अगदी मधोमध. स्पिरिटच्या कापसाने पुसला, दिव्याखाली बशी सुकवली, व्होल्ट हळूहळू चढवले. डबा शांत. तुकडा समोर ठेवला, टिक. व्होल्ट जरा खालीवर करत सूर लावला आणि माझा जीव भांड्यात पडला.

परब स्टुलावर बसून होते. "माझ्यामुळां वाट लागली असती तुमची."

"तुम्ही जेवायला नेलं नसतंत तर मी डबा उघडला असता," मी म्हटलं. हे अगदी खरं होतं.

शनिवारी लाकडी पेटी ट्रकवर चढली. परब हात मागे बांधून लांब उभे. मी पर्समधली कुंकवाची डबी त्यांच्यापुढे धरली. "लावा. बाहेरून लावा." त्यांनी पेटीच्या फळीवर टिळा लावला, अगदी मधोमध.

परतीच्या एसटीत आठवलं, परबांवर रागवायचं राहूनच गेलं. पर्समध्ये तो लाल कापूस होता, मी टाकलाच नव्हता. घरी आईने तो पाहिला. "हे काय आणलंस मुंबईहून?"

"दसऱ्याचं सोनं," मी म्हटलं, आणि तो देव्हाऱ्यात आपट्याच्या पानांशेजारी ठेवला.