मडगार्डवरचा डावा हात

गंगापूर रोडला कडुनिंबाखाली पत्र्याचं एक गॅरेज होतं. त्याला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. ‘एसी लावला की गाडी थरथरते, सिग्नलला बंद पडते’ असं कुणी म्हटलं, की निम्मं नाशिक त्याला गोटीराम मौल्याकडे पाठवी. उरलेले निम्मे आधी दुसरीकडे हात पोळून घेत आणि मग मुकाट्याने त्याच्याकडेच येत.

गोटीरामचे भाऊ मळ्यात मेथी आणि गुलाब पिकवत. याला लहानपणापासून ग्रीसचा वास प्यारा. नव्वदनंतर शहरात काचा वर करून फिरायची हौस आली आणि हौसेबरोबर हे दुखणंही आलं. एसी चालतो तो इंजिनाच्याच जिवावर. गाडी उभी असताना इंजिन आधीच सावकाश फिरत असतं, त्यात एसीचं ओझं पडलं की ते दबतं. त्या क्षणी रेस जराशी वाढवायला गाडीत एक छोटासा रबरी पडदा असे. तो फाटला, नाहीतर त्याची नळी चिरली, की इंजिन धापा टाकायला लागे. बाकीचे मिस्त्री रेसचा स्क्रू पिळून मोकळे होत. गाडी बंद पडायची थांबे खरी, पण मग एसी नसतानाही उभ्या उभ्या बोंबलत राही आणि पेट्रोल पीत राही. गोटीरामला या आळशीपणाची मनस्वी चीड होती. स्क्रू पिळणाऱ्याला तो मिस्त्री मानतच नसे.

त्याची रीत अशी, की डावा हात मडगार्डवर सैल टाकायचा, डोळे मिटायचे आणि गिऱ्हाइकाला एसी लावायला सांगायचं. इंजिन किती दबलं, कधी सावरलं, सगळं तळव्याला कळे. रस्त्याच्या गोंगाटात कान फसतात, हात फसत नाही, असं तो म्हणे. पंधरा वर्षांत हात खरंच फसला नव्हता.

पुढे कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या आणि त्यांनी गोटीरामला संपवलं, असं लोक आज सांगतात. साफ खोटं आहे. त्या गाड्यांत पडद्याऐवजी व्हॉल्व्ह आला, त्यात काजळी धरते, ती कशी काढायची, हे सगळं तो पन्नाशी उलटल्यावर शिकला. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही.

पण दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. व्हॉल्व्ह लख्ख केला तरी हाताला थरथर लागे. पुन्हा खोल, पुन्हा पूस, तरी तेच. आणि मग, सांगायला लाज वाटते, पण गोटीराम गुपचूप स्क्रूला हात लावू लागला. अर्धाच वेढा.

मे महिन्यात ज्ञानेशची गाडी आली. अंबडला त्याचा छोटा कारखाना होता आणि गोटीरामवर त्याचा देवासारखा भरवसा. त्याला आईला घेऊन वणीला जायचं होतं. गोटीरामने व्हॉल्व्ह साफ केला, इंजिनाखालची रबरं बदलली, दोन दिवस घालवले. थरथर जाईना. तिसऱ्या दिवशी त्याने स्क्रू फिरवला आणि गाडी देऊन टाकली.

चार दिवसांनी ज्ञानेश परत आला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी आपोआप पुढे सरकत होती, आई घाबरून गेली होती. नाइलाजाने त्याने ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे मशीन लावून बघून सांगितलं, की इंजिन ठणठणीत आहे, फक्त कुणीतरी स्क्रू फिरवलाय. त्यांनी तो जागेवर आणून दिला होता.

“नाना, मी भांडायला नाही आलो,” ज्ञानेश म्हणाला. “तुम्ही तो स्क्रू फिरवाल, हेच मला पटेना.”

गोटीराम चिडला. मशीनला काय कळतं, म्हणाला. गाडी चालू करून एसी लावायला सांगितलं, डावा हात मडगार्डवर टाकला, डोळे मिटले. शेजारी दुरुस्तीला आलेला डिझेलचा टेम्पो धडधडत उभा होता.

“हे बघा शेठ. लय थरथरतीय. म्या खोटं बोलतो का?”

ज्ञानेश उतरून त्याच्याजवळ आला. मग हळू आवाजात म्हणाला, “नाना, गाडी मी मघाशीच बंद केलीय.”

गोटीरामने डोळे उघडले. चावी ज्ञानेशच्या हातात होती आणि मडगार्डवर गोटीरामचा स्वतःचा हात हलत होता. त्याने त्याच हाताने पाना उचलला. हात थांबला. पाना ठेवून हात टेकवला, पुन्हा थरथर. काम करताना हात स्थिर असायचा, म्हणून इतके दिवस त्याला कळलंच नव्हतं.

घरी आल्यावर त्याने हात पुढे करून बायकोला, चिमणाबाईला, दाखवला. तिला नवल वाटलं नाही.

“तुला म्हाईत होतं?”

“दिवाळीपासून. जेवल्यावर पेपरवर हात ठेवता ना, पेपर वाजतो.” ती खाली बघत होती. “वाटलं, दमले असतील. मग बोलायचं भ्याव वाटलं. हातावर तर सगळं घर हाय आपलं.”

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की हा कंपवात आहे, लांबवता येईल, जाणार नाही. ते गोटीरामने निमूट ऐकून घेतलं. त्याच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. दिवाळीपासून आत्तापर्यंत, आपण धडधाकट गाड्या उगाच खोलल्या. त्यातल्या कितींचे स्क्रू पिळून दिले, तेही त्याला धड आठवेना.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडलं नाही. सवयीने तो येऊन कडुनिंबाखाली स्टुलावर बसला. समोर रस्त्यावर गाड्यांची रांग तुंबली होती. तिच्यात एक पांढरी गाडी उभ्या उभ्या बोंबलत होती. कान अजून शाबूत होते. आधी त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. अर्धा वेढा मागे घेतला की झालं, दोन मिनिटांचं काम. तो उठला, काचेपर्यंत गेला. आतल्या माणसाने ओळखून काच खाली केली.

“काय नाना, गाडी मस्त चाललीय,” तो म्हणाला. “तुमचा हात लागलाय म्हटल्यावर काय.”

रांग सुटली आणि गाडी निघून गेली. गोटीराम परत येऊन बसला आणि त्याने डावा हात मांडीखाली दाबून धरला.