पेणच्या तारखा आणि वाटेतली नाटकं

वकिली करून माझ्याकडे काय साठलं असेल तर किस्से. निकालांच्या नकला वाळवीने खाल्ल्या, कायद्याची पुस्तकं जुनी झाली, पण पनवेल-पेण रस्त्यावर जे ऐकलं-पाहिलं ते काही केल्या डोक्यातून जात नाही. कुणी एक किस्सा काढला की त्याच्या मागे दुसरा तयारच असतो. बरं, ते नीट क्रमानेही येत नाहीत. आठवतील तसे सांगतो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही तिघं त्या रस्त्यावर सारखे जायचो. एक मी, नवा वकील. दुसरे आमचे सीनियर भाऊसाहेब. यांना कायद्याचं जेवढं वेड तेवढंच नाटकाचं. पेणला तारीख पडली की ते आधी विचारत, ‘त्या दिवशी तिकडे कुठे नाटक आहे का?’ आणि तिसरे इस्माईलभाई. पनवेलचेच, मोटारीचे मालक, ड्रायव्हर आणि मेकॅनिक, सगळं एकच.

त्या वर्षी पेणच्या तारखा जास्त पडल्या त्या ठकुबाईमुळे. तिचं गाव पेणकडच्या खारातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं. विधवा झाल्यावर तिचा हशा नावाच्या शेतकऱ्याशी पाट लागला होता. पाटाचं लग्न म्हणजे भटजी नाही, पत्रिका नाही, घरातल्या घरात चार म्हाताऱ्यांसमोर झालेलं. त्यांतले दोघे वारले होते, उरलेले दोघे हशाचे चुलते. आता हशाला दुसरी करायची होती, आणि एक बायको असताना दुसरी करायला कायद्याने बंदी होती. त्याने ठकुबाईला भावाकडे हाकलून दिलं, आणि तिने आमच्यामार्फत दावा लावला तेव्हा कोर्टात लिहून दिलं की ही आपली बायकोच नव्हे, कामाला ठेवलेली बाई होती!

ठकुबाई दर तारखेला चालत यायची, कोर्टाच्या ओट्यावर बसायची आणि आम्ही बाहेर आलो की एकच विचारायची. ‘सायेब, मना घरी कदी जायाचं?’

भाऊसाहेब ‘होईल, होईल’ म्हणायचे. गाडीत बसल्यावर मात्र पुन्हा तीच फाइल उघडायचे. आमच्याकडे साक्षीदार एकही नव्हता.

* * *

इस्माईलभाईंची मोटार सपाटीवर चांगली पळायची. कर्नाळ्याचा चढ आला की तिला दम लागायचा. मग इस्माईलभाई अदबीने म्हणायचे, ‘वकीलसाब, जरा तशरीफ खाली घ्या.’ आम्ही उतरून चालायला लागायचो आणि मोटार आमच्यापुढे कण्हत वर जायची.

भाऊसाहेबांना हा चढ फार सोयीचा होता. तेव्हा पनवेलच्या हौशी मंडळात त्यांच्याकडे खुन्याची भूमिका होती. झाडी, एकांत, मोकळा आवाज! एका सकाळी ते काळा कोट घालून दोन्ही हात पसरून गरजले, ‘होय! मीच दाबला त्याचा गळा, आणि पुन्हा दाबीन!’

वळणावर मोळ्या घेऊन निघालेल्या चार बायका होत्या. मोळ्या तिथेच टाकून त्या पळत सुटल्या. आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

दुपारी पेणच्या बाररूमच्या दारात एक हवालदार येऊन उभा राहिला. वर्दी आली होती म्हणे. कर्नाळ्यात खून झाला, खुन्याने स्वतः कबूल केलं, आणि तो पेणच्या दिशेने गेला. वर्णन पक्कं होतं, काळा कोट घातलेला इसम. हवालदाराने आत नजर टाकली. सगळी बाररूम काळ्या कोटात चहा पीत होती. बराच वेळ बघून तो हताशपणे म्हणाला, ‘साहेब, तुम्हीच आपसांत ठरवून एक जण द्या!’

* * *

इस्माईलभाई नाटकाला आत येत नसत. मोटार एकटी सोडायची नाही हा त्यांचा नियम होता. ते बाहेर बसून तंबूतून येणारे आवाज ऐकायचे आणि परतताना आम्हालाच गोष्ट सांगायचे. मला याची फार गंमत वाटायची. डोळ्यांनी बघितलं नाही तर माणूस काय काय बघतो ते कळायचं.

एकदा म्हणाले, ‘पहिल्या अंकात बाप मेला. बायका केवढ्या रडल्या.’

मी म्हटलं, अहो, मुलीची पाठवणी होती ती. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या अंकात त्यांच्या हिशेबाने घराला आग लागली होती. माणसं धडाधडा पळाली, खुर्च्या पडल्या. खरं म्हणजे स्टेजवर मुंगूस निघालं होतं. तिसऱ्या अंकात सगळं शांत, म्हणजे मुलगी बापाच्या कबरीवर गेली आणि बापाने तिला माफ केलं. वास्तविक तिसऱ्या अंकात बत्ती गेली होती आणि लोक ती पेटायची वाट बघत गप्प बसले होते.

भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, ‘आपण चुकीच्या बाजूला बसलो होतो रे.’

* * *

पेणच्या कोर्टात एक पट्टेवाला होता. त्याचा पुकारा म्हणजे बाजारपेठेपर्यंत ऐकू जायचा. पक्षकाराचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि शेवटी लांबवलेलं ‘हाजिर हो!’ असं तीनदा. त्या आवाजावर खूश होऊन तिथल्या मंडळाने ऐतिहासिक नाटकात त्याला भालदार केलं. राजेसाहेबांच्या आगमनाची ललकारी द्यायची, एवढंच काम.

भरलेला तंबू बघून पट्टेवाल्याची जीभ रोजच्या वळणावर गेली. राजेसाहेबांचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आणि तंबू हादरवत म्हणाला, ‘हाजिर हो!’

लोक हसले ते नंतर. आधी काय झालं, तर राजा झालेला गृहस्थ आत आला. त्याचा बांधाचा दावा त्याच कोर्टात चालू होता. तो सिंहासनाकडे गेलाच नाही. मुकुट काढून काखेत धरला आणि प्रधानासमोर हात जोडून उभा राहिला!

* * *

याच्या उलटही व्हायचं. भाऊसाहेबांचा एक साक्षीदार गावच्या नाटकांत मुरलेला होता. पिंजऱ्यात उभा राहिला तो छाती काढून. पहिली चार उत्तरं खणखणीत दिली, टाळीसाठी थांबलासुद्धा. मग समोरच्या वकिलांनी असा प्रश्न विचारला, जो आम्हाला सुचलाच नव्हता.

साक्षीदार थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, एक पाय हळूच आपटला. जज्जसाहेबांनी विचारलं की काय शोधतोस.

‘सायेब, इथं मागून बोलनारा कंच्या बाजूला बसतो?’

कोर्ट हसलं. भाऊसाहेब एकदम फाइलमध्ये डोकं घालून काहीतरी वाचायला लागले.

* * *

आता हशाच्या गावच्या नाटकाचं सांगतो. तिथे आमचा आणखी एक पक्षकार होता. त्याने जत्रेच्या नाटकाचं आमंत्रण दिलं. नायक कोण, तर हशा! मी म्हटलं, भाऊसाहेब, विरुद्ध पक्षाच्या नाटकाला जाणं बरं दिसेल का? ते म्हणाले, ‘कोर्टात तो प्रतिवादी. स्टेजवर तो नायक. आपण नायकाला बघायला चाललोय.’

नाटक कौटुंबिक होतं. नायिकेचं नाव सुमन. ही सुमन म्हणजे गावातलाच एक मिशी काढलेला होडीवाला. हशा दिसायला रुबाबदार, आवाज गोड, काम झकास करत होता. फक्त एक अडचण होती. ‘सुमन, रडू नकोस’ हे वाक्य आलं की तो म्हणायचा, ‘रडू नकोस.’

आतून प्रॉम्प्टिंग करणारे गुरुजी ओरडायचे, ‘सुमन! सुमन म्हण!’

हशा तिकडे मान वळवून म्हणाला, ‘हां, तीच.’ आणि पुढे सुरू.

शेवटी नायिका नदीत उडी घेते आणि नायक तिच्या नावाने टाहो फोडतो असा प्रवेश होता. गुरुजींचा आवाज आता आमच्यापर्यंत स्वच्छ येत होता. हशा काठावरून इकडून तिकडे धावला, केस उपटले, छाती पिटली, आणि जिवाच्या आकांताने ओरडत राहिला, ‘ऐकलंस का गं! ऐकलंस का!’

हसलो ते आम्ही दोघंच. गावातल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. कुणालाच त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

नाटक संपल्यावर मला राहवलं नाही. मागे जाऊन गुरुजींना विचारलं, हा प्रकार काय? गुरुजी आधीच वैतागले होते. म्हणाले, तालमीपासून सांगून थकलो. तर म्हणतो, खोटी का असेना, बायकोच ना ती? चारचौघांत बायकोचं नाव कसं घेऊ?

मला वाटलं, भाऊसाहेब आता या किश्शाला तिखटमीठ लावून पनवेलपर्यंत हसवतील. पण कर्नाळ्याचा चढ आला, आम्ही उतरलो, चाललो, पुन्हा बसलो, आणि त्यांनी एवढंच विचारलं, ‘हशाची साक्ष कधी आहे रे?’

* * *

पुढच्या तारखेला हशाची साक्ष होती. वकिलाने पढवलं होतं तसं तो न अडखळता बोलला. ही बाई कामाला होती, पडवीत राहायची, काम आवडेना म्हणून काढली. ठकुबाई भिंतीजवळ डोक्यावरचा पदर सारखा करत बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

भाऊसाहेब उलटतपासणीला उठले. हातात कागद नाही.

शेतीवाडीला माणसं लागत असतील, कोण कोण होती? हशाने भराभर नावं सांगितली. नांगराला पांडू, लावणीला बारकी आणि तिची जाऊ हिरा, गुरांमागे नामा.

आणि ही बाई?

‘ही पन कामालाच.’

‘मग हिचंही नाव सांगा.’

हशाने तोंड उघडलं आणि मिटलं. खांद्यावरच्या पंच्याने कपाळ पुसलं. समोरच्या वकिलांनी उठून हरकत घेतली की बाईचं नाव दाव्यात लिहिलेलंच आहे. जज्जसाहेब म्हणाले, लिहिलेलं मला वाचता येतं, साक्षीदाराला बोलू द्या. मग हशाला विचारलं की तुमच्याकडे राबलेल्या बाईचं नाव तुम्हाला ठाऊक नाही?

‘ठाव हाय, सायेब.’

‘मग घ्या.’

तो आढ्याकडे बघत राहिला. त्याच्या वकिलांनी डोळे मोठे केले, खूण केली, शेवटी ओठ हलवून नाव दाखवलंसुद्धा. हशाच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण नाव काही बाहेर येईना. जज्जसाहेबांचा आवाज चढला. कोर्टात उत्तर टाळलं तर काय होतं, माहीत आहे का, असं त्यांनी दरडावून विचारलं.

तेव्हा ठकुबाई उभी राहिली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी हाताने खाली बस म्हणून खुणावलं, तिने बघितलंच नाही.

‘त्यांना नका दटावू, सायेब. कदी घेतलं नाय त्यांनी, आता समद्यांसमोर कसं घेतील?’

हशाने चिडून मान वळवली आणि पिंजऱ्यातूनच तिच्यावर खेकसला.

‘तू मधी बोलू नको. घरी चल, मंग सांगतो.’

जज्जसाहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.