साडूंचा लोखंडी माणूस

कुठलंही यंत्र किंवा कुटुंब नीट बघायचं असेल तर आधी त्यातलं निम्मं लपवावं लागतं, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझे थोरले साडू. नरडाण्याच्या कारखान्यात आम्ही शेजारी बसून डाळ मिलच्या यंत्रांची कॉम्प्युटरवर डिझाइनं करायचो. मी सगळे सुटे भाग पडद्यावर ठेवून गोंधळायचो; ते एकेक भाग हाइड करत, म्हणजे न पुसता नुसता दिसेनासा करत, थेट आतल्या गिअरपर्यंत पोचायचे. ही सवय कारखान्याबाहेरही सुटली नाही. धुळ्याहून येताना सोनगीरचा किल्ला दिसला की एक डोळा मिटून म्हणायचे, "हा डोंगर हाइड केला ना, तर मागे काय काय निघेल बघा!" मेव्हणीच्या लग्नात, मागे उभ्या सासूबाई फोटोत दिसेनात म्हणून त्यांनी पुढची अख्खी रांग उठवली. पुढच्या रांगेत नवरा-नवरी होते.

पडद्यावर प्रत्येक यंत्राशेजारी ते स्वतःच्या मापाचा, पोटासकट, एक माणूस काढून ठेवत. त्याचा हात ग्रीस भरायच्या जागेपर्यंत पोचला तरच डिझाइन पुरं. मालक वैतागायचे, "नाना, गिऱ्हाइकाला यंत्र विकायचंय, तुम्हाला नाही!" म्हणून ड्रॉइंग पाठवताना साडू त्या माणसाला हाइड करत. एकदा विसरले. कॉम्प्युटरनं त्यालाही बाकीच्या भागांसारखा लोखंडी धरला आणि सुट्या भागांच्या यादीत तो आपोआप चढला: माणूस, नग एक, लोखंडी, वजन सहाशे किलो. म्हातारे फिटर आबा बाकी सगळं जमवून यादी घेऊन वर आले.

"नाना, बठ्ठं जमनं, पन हाऊ माणूस कोठून आनू?"

"नाही मिळायचा, आबा," साडू गंभीरपणे म्हणाले. "एकच नग निघाला होता."

गेल्या महिन्यात ते गेले. त्यांच्या हातातलं शेवटचं यंत्र उघडलं, तर पडद्यावर नुसता सांगाडा. मालकांचा चेहरा उतरला. "आतलं सगळं पुसून गेले की काय?" चार महिन्यांचं काम होतं ते, आणि त्यांच्या हातचं शेवटचं. मी भीतभीतच सगळे भाग पुन्हा दाखवायची कळ दाबली. गिअर, पुल्या, चाळण्या, बोल्ट जागच्या जागी आले. आणि तोही आला. गुडघ्यावर बसलेला, पोट सावरत, हात ग्रीसच्या जागेला नेमका पोचलेला. म्हणजे डिझाइन पुरं झालं होतं.

"आता याला लपवा नि पाठवून द्या," मालक म्हणाले. मी माउस त्याच्यावर नेला आणि कळ न दाबताच हात काढून घेतला. मग मालकच म्हणाले, "नाहीतर असू द्या. संध्याकाळपर्यंत."