पाण्याची पाळी

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आखातात, अल ऐन शहरातल्या आमच्या घरी मान खाली घालून बसले होते. तशी डॉक्टरांची सक्त ताकीदच होती. माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, ऑपरेशन करून आत गॅसचा बुडबुडा सोडला होता आणि तो विरेपर्यंत विमानात बसायचं नव्हतं. उंचावर तो फुगला तर डोळा जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. फोन यजमानांनी घेतला. ते माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, तेव्हाच मी समजले.

आमचं माहेर कृष्णाकाठचं. आईने उभ्या जन्मात गुरुवारची नदी चुकवली नाही. स्नान करायचं, घाटावरच्या दत्तमहाराजांपुढे दिवा लावायचा आणि मगच घरी चहा. तिची मी एकुलती एक. तिने एवढं केलं, आणि शेवटच्या क्षणी लेकीला तिच्यापाशी पोचवणं महाराजांना जमू नये? मी रोजच्या वाचनातली पोथी कपाटात ठेवून दिली. रागाने नव्हे, वाचायला काही उरलंय असं वाटेना म्हणून.

दहाव्याला चुलतभाऊ घाटावर सगळं करणार होता. निदान वाहत्या पाण्याशी बसून आईसाठी ओंजळभर पाणी सोडावं, एवढीच माझी इच्छा होती. पण इथे नदी कुठून आणायची? यजमान म्हणाले, "ओअॅसिसमध्ये फलज आहे ना. वाहतंच पाणी ते. चल, जाऊन तर बघू."

शहराच्या मधोमध राखून ठेवलेली ती खजुरांची जुनी बाग आम्ही पूर्वी पाहिली होती. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून इथवर आणायचं आणि पाटांनी वाफ्यावाफ्यात खेळवायचं, ही तिथली हजारो वर्षांची रीत. तिलाच फलज म्हणतात. मातीच्या भिंतींमधून, झावळ्यांच्या सावलीतून आम्ही चालत राहिलो. मला मान वर करायची मुभा नव्हती, त्यामुळे पाट तेवढा दिसत होता. तो कोरडा होता. तळाशी वाळकी पानं आणि खजुराच्या बिया. पुढच्या वळणावरही तेच. मी पाटाच्या काठावर बसले आणि इतके दिवस अडवलेलं रडू फुटलं.

शेजारच्या लाकडी दारातून एक म्हातारे अरबी गृहस्थ काठी टेकत बाहेर आले. बाग त्यांचीच होती. तरुणपणी ते मुंबईला जाऊन-येऊन असत, त्यामुळे हिंदी स्वच्छ बोलत. यजमानांनी त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्यापासून थोडं अंतर राखून भिंतीला टेकले आणि म्हणाले, "बैठो बेटी. आज पानी की बारी हमारी है. अभी आएगा, इन्शाल्ला."

वाट पाहताना ते हळूहळू बोलत होते. इथे प्रत्येक बागेची पाण्याची पाळी ठरलेली. त्यांचे आजोबा सूर्याची सावली बघून पाळी मोजायचे, रात्री तारे बघून. बोगदा उपसायला सगळी बिरादरी उतरायची. मग शहर वाढलं, जमिनीतलं पाणी खोल गेलं आणि डोंगराचा झरा इथवर येईनासा झाला. "अब मोटर का पानी है," ते म्हणाले. "हमारे सामने सूख गया. हम कुछ नहीं कर सके." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या मनात मात्र शंका आली. मोटरचं पाणी आईला चालेल का? मी ती चाचरत बोलूनही दाखवली. त्यांनी काठी खजुराच्या बुंध्याकडे केली. मग म्हणाले, "खजूर तो पी लेता है, बेटी."

तेवढ्यात सळसळ ऐकू आली. वाळक्या पानांना पुढे ढकलत पाणी येत होतं. आधी बोटभर, मग पाट भरून. मी विचारलं, "यातलं थोडं घेऊ का?" ते म्हणाले, "पानी पिलाना हमारे यहाँ भी सवाब है, पुण्य है. माँ को दो." आणि त्यांनी पाठ फिरवली, मला मोकळेपणाने रडता यावं म्हणून असेल. मी आईचं नाव घेऊन ओंजळ सोडली. पाणी खजुराच्या बुंध्याशी जिरून गेलं.

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. पाणी त्यांच्या पाळीचं होतं, ते येणारच होतं. पण कोरड्या पाटाशी मी बसले ती नेमकी त्याच दारापुढे, आणि तेही त्यांच्या पाळीच्या दिवशी. आईचा चेहरा शेवटचा पाहायचा राहिला, ही रुखरुख आजही तशीच आहे; ती जाईल असं वाटत नाही. ती दूर कर, असं देवाकडे मागणंही आता मी सोडून दिलंय.

डोळा बरा झाल्यावर घरचे बेसनाचे लाडू घेऊन आम्ही त्या दाराशी गेलो. दार बंद होतं. शेजारच्या बागेतल्या माळ्याने सांगितलं, म्हातारबाबा वारले. त्यांचं नाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मी पाटाकडे पाहिलं. पाणी भरून वाहत होतं. मी काठावर बसले, आणि या वेळी दोघांसाठी ओंजळ सोडली.