टोपीतली पावडर

आज बदलापूरच्या घरात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला आणि अंबरनाथचा तरणतलाव आठवला. शर्यतीआधी लेकीच्या रबरी टोपीत मीच पावडर भुरभुरायचे, म्हणजे तिचे केस ओढले जात नसत.

एका शर्यतीच्या सकाळी मी पावडर हातावर घेतली, तर ती हळूच म्हणाली, "आई, आज मी घालते. तू वर गॅलरीत जाऊन बस ना."

वरून सगळ्या मुली सारख्याच निळ्या टोप्यांत. माझी कुठली, कळेचना. मी सगळ्यांसाठीच टाळ्या वाजवल्या. हातावरची पावडर उडत राहिली.

तेव्हा कौतुकच वाटलं, पोर मोठी झाली म्हणून. आता ती बंगळूरला असते. वास जाईपर्यंत पाणी वाहू द्यायचं असतं; मी ओंजळ भरली, कोपराने नळ बंद केला आणि ती नाकाशी धरून उभी राहिले.